दर पावसाळ्यात पातळ चांदी 'ओपन'? आधी तिच्या खाली बघा

अर्धपारदर्शक सेंद्रिय सौरघट बनवणाऱ्या कुणालाही ही तक्रार नवी नसेल. काल चाललेली रेसिपी आज चालत नाही. घटाचा वरचा पारदर्शक इलेक्ट्रोड म्हणून आपण निर्वात चेंबरमध्ये चांदीचा अतिपातळ थर टाकतो. जाडी सांगणारा मॉनिटर १० नॅनोमीटर चांदी पडली म्हणून सांगतो, काच बाहेर काढल्यावर दिसायलाही बरी असते, पण फोर-प्रोब (थराचा शीट रोध मोजणारं चार पिनांचं यंत्र) टेकवला की एका काचेवर ९ ओहम प्रति चौरस, शेजारचीवर ७०, आणि तिसरीवर मीटर सरळ 'ओपन', म्हणजे वीज वाहतच नाही. घटाचा फिल फॅक्टर (आदर्श कमाल विजेपैकी घट प्रत्यक्ष किती देतो ते गुणोत्तर) बसलेला. पुढच्या आठवड्यात काहीही न बदलता सगळं ठीक, आणि आपण सुटलो म्हणेपर्यंत पुन्हा तेच.

आमच्याकडे हे दोन वर्षं चाललं. दोन वर्षांत आम्ही चांदी बदलली, बोट (जिच्यात चांदी तापवून तिची वाफ करतात ती होडीसारखी पात्री) बदलली, सॉल्व्हंट बदलला, एकमेकांवर संशय घेऊन झाला. शेवटी जे सापडलं ते चांदीत नव्हतंच. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमची रचना नेहमीचीच. आयटीओची (इंडियम टिन ऑक्साइड, पारदर्शक वाहक) काच, त्यावर झिंक ऑक्साइड, मग पीएम६ आणि वाय६ या सेंद्रिय पदार्थांचं मिश्रण (उजेड शोषणारा सक्रिय थर), त्यावर १० नॅनोमीटर मॉलिब्डेनम ऑक्साइड (लॅबमध्ये सगळे नुसतं 'मॉली' म्हणतात), मग १० नॅनोमीटर चांदी, आणि सर्वात वर ३५ नॅनोमीटर मॉलीचं पांघरूण. वरचा इलेक्ट्रोडही आयटीओचा का नाही, असं नवीन मुलं विचारतात. आयटीओ चांगला व्हायचा तर स्पटरिंग (आयनांचा मारा करून थर टाकणं) लागतं आणि उष्णता लागते, आणि खालच्या सेंद्रिय थराला दोन्ही सोसत नाही. शिवाय लवचिक प्लास्टिकवर वाकवला की आयटीओला तडे जातात. चांदी साध्या बाष्पीकरणाने पडते आणि वाकतेही.

चांदी पसरत नाही, गोळा होते

चांदीचे अणू मॉलीवर किंवा काचेवर उतरतात तेव्हा त्यांना खालच्या पृष्ठभागापेक्षा एकमेकांचीच ओढ जास्त असते. अळूच्या पानावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन इकडून तिकडे फिरतं, तसंच हे. आधी सुटी बेटं तयार होतात, ती फुगतात, एकमेकांना चिकटतात, आणि एका ठरावीक जाडीला या टोकापासून त्या टोकापर्यंत वाट जुळते. या वाढीला व्होल्मर-वेबर वाढ म्हणतात. वाट जुळण्याआधी रोध मेगाओहममध्ये, जुळल्यावर काही ओहमवर. मधला उतार इतका उभा असतो की जाडी एखाद्या नॅनोमीटरने इकडेतिकडे झाली तर काच पास की नापास हे बदलतं.

साध्या ऑक्साइडवर किंवा काचेवर हा उंबरठा १० नॅनोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे आपण नेमके कड्याच्या टोकावर उभे असतो. त्याहून जाड चांदी घातली तर उजेड अडतो. त्यामुळे 'अजून दोन नॅनोमीटर घाल की' हा सल्ला सोपा असला तरी घट आंधळा करणारा आहे.

किती रोध अपेक्षित धरायचा? चांदीची रोधकता १.५९ मायक्रोओहम-सेंटिमीटर, म्हणजे १० नॅनोमीटरचा आदर्श थर १.६ ओहम प्रति चौरस दाखवेल. तसा तो कधीच दाखवत नाही. चांदीतला इलेक्ट्रॉन एरवी न अडखळता सुमारे ५० नॅनोमीटर धावतो. इथे अख्खी खोलीच १० नॅनोमीटर उंचीची, तेव्हा तो सारखा छताला नि जमिनीला आपटत राहतो. ६ ते १० ओहम मिळाले की थर उत्तम समजा. ३० च्या वर गेला तर वाट जेमतेम जुळली आहे.

बिघाड ओळखायचा कसा

साधा मल्टिमीटर बाजूला ठेवा. त्याच्या टोकदार प्रोबने ही चांदी मोजणं म्हणजे पेढ्यावरचा वर्ख सुईने सोलण्यातला प्रकार, आणि हा थर वर्खापेक्षाही कितीतरी पातळ आहे. फोर-प्रोबच्या पिना वरच्या मॉलीतून आरपार जातात, त्यामुळे पांघरुणावरूनही मोजता येतं, पण एकाच जागी दोनदा टेकवू नका. आणि मोजलेल्या रोधावरून शीट रोध काढायचा तो प्रसिद्ध ४.५३ चा गुणक फक्त पिनांच्या अंतरापेक्षा खूप मोठ्या नमुन्यालाच लागू पडतो. १ मिलिमीटर अंतराच्या पिना घटाच्या ३ मिलिमीटर रुंद पट्टीवर टेकवून तोच गुणक लावलात, तर उत्तर खऱ्याच्या दीडपटीहून जास्त येईल. आमच्या एका ज्युनिअरने अशा आकड्यांवर अख्खं एक प्रेझेंटेशन केलं होतं.

मला सर्वात विश्वासाचा वाटतो तो पारगम्यतेचा आलेख, म्हणजे कोणत्या तरंगलांबीचा किती उजेड पार जातो त्याचा. सलग चांदीचा आलेख निळ्याकडे उंच असतो आणि तांबड्या-अवरक्ताकडे उतरत जातो, कारण लांब तरंगांना तो आरशासारखा परतवतो. बेटांची चांदी उलटं वागते: ४५० ते ६०० नॅनोमीटरच्या दरम्यान कुठेतरी खड्डा पडतो आणि पुढे अवरक्ताकडे आलेख वर चढतो. हा खड्डा सुट्या कणांच्या प्लाझ्मॉन शोषणाचा, म्हणजे कणांतले इलेक्ट्रॉन उजेडाबरोबर झुलून तो खातात. आलेख तांबड्याकडे वर जाताना दिसला की रोध न मोजताही सांगता येतं, वाट जुळलेली नाही. डोळ्यांनाही थोडं कळतं. पांढऱ्या कागदावर ठेवल्यावर काच जांभळट दिसली आणि तिरकी धरल्यावर आरशाची चमक मंद वाटली, तर शंका घ्या.

एक फसवणूक मात्र लक्षात ठेवा. लहान घटात बिघाड लपतो. संपर्कापासून चांदीची पट्टी जितकी लांब, तितका तिच्यातला तोटा लांबीच्या वर्गाने वाढतो. प्रवाहघनता, शीट रोध आणि लांबीचा वर्ग यांचा गुणाकार करून व्होल्टेजच्या तिपटीने भागा, तोट्याचा वाटा मिळतो. २० मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर आणि ०.८ व्होल्ट धरले तर ३ मिलिमीटरच्या पट्टीवर १० ओहमला १ टक्क्याहूनही कमी तोटा होतो. ६० ओहम झाले तरी साडेचारच टक्के. 'चालतंय की' म्हणून आपण पुढे जातो. पण १ सेंटिमीटरला १० ओहमचाच तोटा ८ टक्क्यांवर जातो, आणि ६० ओहमला तर घट घट म्हणवून घेण्याच्या लायकीचा राहत नाही. आमची चांदी वर्षभर अधूनमधून खराब पडत होती, आम्हाला ते मोठा घट करायला घेतल्यावर कळलं.

आम्ही कुठे फसलो

प्रत्येक बॅचमध्ये घटांच्या शेजारी आम्ही एक कोरी काच ठेवायचो, साक्षीदार म्हणून. चांदी नीट पडली की नाही हे तिने सांगायचं. आता गंमत बघा. चांगल्या बॅचमध्ये आणि वाईट बॅचमध्ये साक्षीदार काच जवळजवळ सारखाच रोध दाखवायची. त्यावरून आम्ही निष्कर्ष काढला की इलेक्ट्रोड निर्दोष आहे, दोष सक्रिय थरात असणार. मग दोन महिने क्लोरोफॉर्म, ॲडिटिव्ह, ॲनिलिंगचं (थर तापवून स्थिरावण्याचं) तापमान, सगळं ढवळून काढलं. हाती काही लागलं नाही.

चूक काचेत नव्हती, ती कोरी ठेवण्यात होती. साक्षीदारावर मॉली नव्हतं. ती खरं सांगत होती, 'चांदी रोज सारखीच पडते आहे.' आम्ही ऐकलं भलतंच. चांदी सारखी आणि घट मात्र वेगवेगळे, याचा सरळ अर्थ चांदीच्या खालचं काहीतरी बदलतंय.

मग वहीतल्या तारखा काढल्या. वाईट बॅचेस बहुतेक जून ते सप्टेंबरमधल्या. एखादी डिसेंबरातली होती, तिच्याकडे मी पुढे येते. लॅबमधल्या काकांना विचारलं, पावसाळ्यात वेगळं काय करता? ते म्हणाले, "वेगळं काय करणार? उलट नायट्रोजनचा सिलिंडर वाचवतो. मधला व्हेंट हवेनेच करतो."

मधला व्हेंट, म्हणजे निर्वात सोडून चेंबर उघडणं! आमच्या चेंबरमध्ये मास्क (थर कुठे पडावा ते ठरवणारी छिद्रांची पट्टी) आतल्या आत बदलायची सोय नाही. मॉली सगळ्या काचेवर टाकायचं, मग चेंबर उघडायचा, चांदीचा मास्क लावायचा, पुन्हा पंप करायचा. ही पद्धत आम्हाला सीनिअरकडून आली, आणि त्यांच्या वेळी चांदी १०० नॅनोमीटर जाड असायची. इतक्या जाड चांदीला खालचा पृष्ठभाग कसाही असला तरी फरक पडत नाही, बेटं केव्हाच बुजून जातात. आम्ही चांदी दसपट पातळ केली आणि रेसिपीतलं बाकी सगळं तसंच ठेवलं.

ताजं मॉली हवेला फार हळवं असतं. निर्वातात नुकत्याच पडलेल्या थराचं वर्क फंक्शन (पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) ६.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर असतं, आणि हवा लागली की ते एक इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास खाली येतं. पृष्ठभागावर पाणी आणि हवेतला सेंद्रिय मळ बसतो. अशा पृष्ठभागावर उतरलेल्या चांदीला धरायला चांगली जागा मिळत नाही, ती सरकत जाऊन मोठ्या पण विरळ बेटांमध्ये जमते. जुलैत लॅबचा आर्द्रतामापक ८० च्या खाली उतरत नव्हता, आणि व्हेंट केलेला चेंबर मास्क शोधण्यात कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास उघडा राहायचा. एकाच दिवशीच्या काचा एकमेकींपासून वेगळ्या का निघत होत्या, तेही इथेच उलगडलं.

पडताळणी साधी होती. तीन काचा घेतल्या, तिन्हींवर एकाच वेळी मॉली टाकलं. एक निर्वातातच ठेवून तिच्यावर लगेच चांदी टाकली. दुसरी नायट्रोजनने व्हेंट करून पुन्हा आत घातली. तिसरी खिडकीपाशी अर्धा तास ठेवली. पहिली एक अंकी ओहमवर आली, दुसरी तिच्याहून थोडी वर, तिसरी काही शेकड्यांत. तिसरीच्या आलेखात तो खड्डाही होता. चहा न पिता दोन तासांत जे कळलं, त्याला आम्ही दोन वर्षं घालवली होती.

उपाय त्याहून साधा निघाला. मॉली, चांदी आणि वरचं मॉली, तिन्ही एकाच मास्कमधून, चेंबर न उघडता. मॉली सगळीकडे पसरायलाच हवं असं काही नाही. बोटी दोनच लागतात, एक मॉलीची आणि एक चांदीची. तुमच्याकडे एकच बोट असेल आणि व्हेंट टाळता येत नसेल तर निदान कोरड्या नायट्रोजनने व्हेंट करा, चेंबर ग्लोव्हबॉक्सला (कोरड्या वायूच्या हवाबंद पेटीला) जोडलेला असेल तर उत्तमच, आणि मास्क आधीच हाताशी ठेवा. साक्षीदार काचेवरही घटासारखंच मॉली टाका. हे शेवटचं वाक्य आम्ही चेंबरच्या दारावर चिकटवलं आहे.

डिसेंबरातला बिघाड

कोरड्या हवेत एकदा सगळ्या काचा ओपन आल्या तेव्हा पोटात गोळा आला. कारण मात्र पाच मिनिटांत सापडलं. क्रिस्टल मॉनिटर वस्तुमान मोजतो, जाडी मोजत नाही. घनता आपण सांगायची असते. मॉलीची घनता ४.७, चांदीची १०.५. मॉली संपल्यावर मटेरियल बदलायचं राहून गेलं, की पडद्यावरचे १० नॅनोमीटर खरे साडेचारच असतात. साडेचार नॅनोमीटरला बेटं होणारच. आता आमचा नियम असा: शटर (वाफ अडवणारी झडप) उघडायच्या आधी पडद्यावरची घनता मोठ्याने वाचायची. नवीन मुलांना हसू येतं, येऊ दे.

त्याच जातीची दुसरी चूक टूलिंग फॅक्टरची. क्रिस्टल एका बाजूला बसलेला असतो, काच वेगळ्या उंचीवर, त्यामुळे दोघांवर पडणारी चांदी सारखी नसते. क्रिस्टलचा धारक थोडा वाकला, बोट एखादा सेंटिमीटर सरकली, तरी गुणोत्तर बदलतं. १०० नॅनोमीटर चांदी टाकून तिची पायरी प्रोफाइलोमीटरने मोजा, आणि जुना फॅक्टर खऱ्या जाडीने गुणून पडद्यावरच्या जाडीने भागा. बोट बदलली की दर वेळी. जाड थरात १५ टक्के चूक खपून जाते, इथे तेवढी काठावरून खाली ढकलायला पुरते.

आणि ६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला १ नॅनोमीटर चांदी म्हणजे फक्त ८५ हर्ट्झच्या आसपास बदल. शटर उघडताच लाल बोटीची धग क्रिस्टलवर पडते आणि तेवढ्यानेही आकडा क्षणभर खोटा हलतो. क्रिस्टलचं थंड पाणी चालू आहे ना, एवढं तरी बघा.

वेग

चांदी हळूहळू टाकली की गुळगुळीत बसेल, असं मनाला वाटतं. होतं उलटं. वेग कमी असला की प्रत्येक अणूला भटकायला आणि आधीच्या बेटात जाऊन मिसळायला वेळ मिळतो. वेग वाढवला की जास्त ठिकाणी एकदम सुरुवात होते, बेटं लहान आणि दाट होतात, वाट लवकर जुळते. आम्ही ०.५ अँगस्ट्रॉम प्रति सेकंदावरून ३ वर गेलो तेव्हा फरक डोळ्यांना दिसला. शटर बंद ठेवून वेग स्थिर करा, मगच उघडा. पहिल्या नॅनोमीटरमध्येच पुढचं सगळं ठरतं. ३ च्या वेगाने ८ नॅनोमीटर पडायला सत्तावीसच सेकंद लागतात, तेव्हा शटरवर हात ठेवूनच बसा. खूप जास्त वेग घेतला तर बोट ठिणग्या टाकते आणि खालचा सेंद्रिय थर तापतो.

निर्वातही महत्त्वाचा. १० च्या उणे सहाव्या घाताइतक्या टॉरला उरलेल्या वायूचा एक थर पृष्ठभागावर बसायला साधारण एक सेकंदच लागतो. पंप सुरू करून तासाभरात घाईने चांदी टाकणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

बी पेरून बघा

हे सगळं करूनही ७-८ नॅनोमीटरला थर सलग होत नसेल, तर चांदीच्या आधी एखादं बी पेरावं लागतं, म्हणजे चांदी जिला घट्ट धरेल अशी एक अतिपातळ चीज. ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या गटाने मॉलीवर १ नॅनोमीटर सोनं टाकून त्यावर चांदी घेतली. सोन्याची पृष्ठऊर्जा जास्त, म्हणून चांदी त्यावर पसरते. एक नॅनोमीटर सोन्याचा खर्च ऐकायला वाटतो तेवढा नाही, पण सोन्यासाठी वेगळी बोट लागते, आणि ज्यांच्याकडे दोनच आहेत त्यांची तिथे अडचण होते. मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी वेगळी वाट धरली: चांदीबरोबरच थोडं ॲल्युमिनियम टाकायचं. ॲल्युमिनियम ऑक्सिजनला घट्ट धरतं आणि चांदीला सरकू देत नाही. जर्मेनियमचं बीही चालतं, पण ते स्वतः उजेड खातं, सौरघटात मला ते पटत नाही.

गरिबांचा उपाय म्हणजे पॉलिएथिलिनिमिन, स्पिन करून बसणारा अमाइनवाला पॉलिमर. त्यातल्या नायट्रोजनची मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी चांदीला पकडते. पण हे बी इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या बाजूलाच शोभतं. मॉलीच्या जागी ते घालून घट उलटा वागतोय म्हणून कुणी डोकं धरून बसू नये. काचेवर खालचा इलेक्ट्रोड म्हणून पातळ सोनं हवं असेल तर वॉरिक विद्यापीठातल्या गटाची युक्ती सुंदर आहे: काचेवर आधी अमाइन आणि थायोल अशा दोन सिलेनांचा (काचेला चिकटणाऱ्या सिलिकॉनयुक्त रेणूंचा) एकरेणवीय थर, त्याचे नायट्रोजन आणि गंधक सोन्याला बांधून ठेवतात.

काढल्यावर बिघडते तेव्हा

काही काचा पहिल्या दिवशी १० ओहम आणि आठवड्याने ४० असतात. देवघरातली निरांजनं काळी पडतात तो हायड्रोजन सल्फाइड इथेही येतो, आणि गंधक घातलेल्या रबराच्या झाकणाच्या डब्यात ठेवलेल्या काचांवर तर नक्कीच येतो. पण बहुतेक वेळा चांदी काळी पडत नाही, पुन्हा गोळा व्हायला लागते. दमट हवा आणि ऊब या दोन्हींनी तो वेग वाढतो. काचेवर दुधाळ झाक दिसली तर हेच. चांदीनंतरचं ॲनिलिंग शक्यतो टाळा, ते आधीच उरका. वरचं पांघरूण तेवढ्यासाठीही चांदीनंतर लगेच, त्याच निर्वातात घालायचं. ते उजेड आत घ्यायला मदत करतं हा वरचा फायदा.

रोध चांगला आहे आणि तरीही घटाच्या प्रवाह-व्होल्टेज वक्रात एस आकाराचा वाक येतो, तर चांदीच्या मागे लागू नका. तो बहुधा मॉलीच्या सीमेवरचा अडथळा असतो. नुसता रोध जास्त असला तर वक्र ओपन सर्किटच्या बाजूला तिरका होतो, त्याला असा वाक पडत नाही. दोन्ही एकत्र दिसले तर पुन्हा व्हेंटकडेच वळा, हवा खाल्लेलं मॉली दोन्ही त्रास एकदम देतं.

गेल्या पावसाळ्यात आमच्या ९ नॅनोमीटरच्या काचा एक अंकी ओहमवर राहिल्या, साक्षीदार काचेसकट. बी न पेरता ६ नॅनोमीटर अजून जमलेलं नाही. चारातली एक काच तरी ओपन येतेच, आणि पुढचा संशय माझा मास्कच्या कडेवर आहे.